ताई, तुम्हाला खरंच रोजा दमवतोय का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३४, शाळेत शिक्षिका, नवरा दम्मामला नोकरीला, घरी सासू-सासरे, २४ वर्षांचा दीर आणि दोन मुलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "रमजानात मी पावणेचारला उठते, सगळ्यांसाठी गरम भाकऱ्या आणि कालवण करते, साडेदहा ते पाच शाळा, घरी आले की इफ्तारीचं तळण, मग जेवण, भांडी, तरावीहची रात्रीची नमाज, पाठ टेकायला पावणेबारा होतात. पहिले तीन-चार रोजे डोकं फुटतं, मग अॅसिडिटी सुरू, आणि दहाव्या रोज्यापासून अंगात त्राणच उरत नाही. गेल्या वर्षी वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन खाली बसले. लोक म्हणतात ईमान पक्कं असलं की रोज्यात उलट ताकद येते, मग मलाच का येत नाही? एखादी एनर्जीची पावडर किंवा ज्यूस सांगा. पहाटेची सेहरी सोडून तेवढा वेळ झोपलं तर चालेल का? पाळीच्या दिवसांत रोजे नसतात, पण तेव्हाही मी कोणासमोर खात नाही, ना घरी ना शाळेत. शिवाय सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, १२ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, त्यांना सगळे रोजे धरायचेत आणि डॉक्टरांना विचारायचंच नाही, कारण ते नकोच म्हणतील असं त्यांचं म्हणणं."

ताई, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले आणि तुमच्या दिवसाचा हिशोब कागदावर मांडला. पावणेबारा ते पावणेचार, म्हणजे चार तास झोप. आता असं समजा की रोजा नाहीच, तिन्ही त्रिकाळ व्यवस्थित जेवण चाललंय, पण महिनाभर कोणी चार तासच झोपतंय, दिवसभर वर्ग घेतंय आणि सकाळ-संध्याकाळ सहा माणसांचं रांधतंय. त्या बाईला दहाव्या दिवशी चक्कर येईल की नाही? येईलच. मग तुम्हाला आली तर त्याचं बिल तुम्ही रोज्याच्या आणि वर स्वतःच्या ईमानाच्या नावावर का फाडताय?

हे ईमानाचं आधी बोलते, कारण पत्रात तुम्ही पावडर मागितलीय पण खरं दुखणं मला तिथे दिसलं. सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम ज्या आयतींमध्ये आलाय, १८३ पासून पुढे, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत दिलीय, नंतरच्या दिवसांत ते रोजे पूर्ण करायला सांगितलंय आणि १८५ व्या आयतीत स्पष्ट म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, कठीण करायचं नाहीये. म्हणजे सोय ही हुकूमाच्या आतच आहे, बाहेरून कोणी नंतर चिकटवलेली नाही. माणूस थकला म्हणजे त्याचं ईमान कमी पडलं असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. थकवा हा शरीराचा निरोप असतो. तो ऐकायचा आणि कारण शोधायचं.

आता कारण शोधू. सध्या रमजान थंडीच्या शेवटाला येतोय, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत. २०१८ ला पहिला रोजा १७ मेला होता, आठवत असेल तुम्हाला, घामाच्या धारा आणि सव्वाचौदा तासांचा रोजा. फेब्रुवारी-मार्चात आपल्या कोकणात रोजा साधारण तेरा तासांचा होतो, हवाही तेवढी जाळत नाही. निरोगी माणसाच्या शरीराला तेरा तास हे काही फार मोठं संकट नाही. सेहरीतलं अन्न पहिले काही तास पुरतं, मग लिवरमध्ये साठवलेली साखर वापरली जाते, ती कमी होत आली की शरीर चरबी वापरायला लागतं, ही सगळी व्यवस्था आत आधीच बसवलेली आहे. म्हणून तुमच्या बाबतीत मला पोटापेक्षा घड्याळाचा संशय जास्त येतो.

सेहरीची वेळ या दिवसांत आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाच्या सुमाराला संपते. मग तुम्ही पावणेचारला का उठता? गरम भाकऱ्यांसाठी. ताई, सेहरी उशिरा करणं ही तर सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत आहे, आणि भाकरी ताजीच हवी अशी काही अट नाही! रात्रीचं कालवण गरम करा, भाकऱ्या संध्याकाळच्याच चार जास्त थापून कपड्यात गुंडाळून ठेवा, अंडी उकडून ठेवा, नाहीतर उकड्या तांदळाची पेज मूगडाळ घालून रात्रीच कुकरला लावा आणि सकाळी फक्त गरम करा. पावणेपाचला उठून सगळं आरामात होतं. हा एक तास झाला. दुसरा तास रात्रीचा. भांडी पावणेबारापर्यंत तुम्ही एकट्याच का घासताय हे मला पत्रातून कळलं नाही, घरात २४ वर्षांचा धडधाकट दीर आहे, तो सेहरीला थेट ताटावर येऊन बसत असणार हे मी न बघता सांगू शकते, कारण आमच्याही घरात तसंच होतं.

आमच्या आईचा रोजा कायम गॅससमोर सुटायचा. अजान व्हायची, बाहेर दस्तरखानावर सगळ्यांचे हात पुढे जायचे, आणि ती एका हातात झारा, दुसऱ्या हातात खजूर, कढईतली शेवटची भजी उलटत उभ्याउभ्या तो खजूर तोंडात टाकायची, ग्लासभर पाणी घटाघट प्यायची आणि ताट घेऊन बाहेर यायची. दिवसभर उपाशी राहून शेवटचा पाऊण तास उकळत्या तेलापुढे. आम्ही मुलं म्हणायचो आई ये ना, ती म्हणायची तुम्ही घ्या, झालंच. ती थकते हे आमच्या लक्षात यायला मला स्वतःला संसार करावा लागला. आजही मगरिबच्या अजानला मला तो झारा आठवतो, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतेय: रोजा बसून सोडा. अजानच्या पंधरा मिनिटं आधी गॅस बंद झालाच पाहिजे, असा घरात नियम करा आणि तो नियम पहिल्या रोज्याच्या आधीच सांगून टाका, रमजान सुरू झाल्यावर कोणाला सांगायला जमत नाही.

तुमचे मिस्टर दम्मामला आहेत ना, सौदीत रमजानात मुसलमान कामगारांची ड्युटी कायद्यानेच सहा तासांची होते. म्हणजे तिथल्या सरकारला कळतं की या महिन्यात काम कमी व्हायला हवं. तुमच्या शाळेची वेळ आपल्या हातात नाही पण घरची ड्युटी तरी कमी करता येईल. मिस्टरांना सांगा की भावाला आणि अम्मीला एकदा फोनवर बोला. परक्या घरातून आलेल्या सुनेने सांगितलं तर तक्रार वाटते, मुलाने सांगितलं तर ऐकतात. चांगलं नाही हे पण आहे असं. फळं कापणं, सरबत करणं, दस्तरखान लावणं, रात्रीची भांडी, एवढं दिराने आणि मुलांनी वाटून घेतलं तरी साडेदहाला तुम्ही अंथरुणात असाल. साडेदहा ते पावणेपाच, म्हणजे सव्वासहा तास. फजरनंतर शाळेआधी पाऊण तास डोळा लागला तर अजून बरं, फक्त सेहरी करून लगेच आडवं होऊ नका, नमाज, थोडी तिलावत, म्हणजे कुरआन वाचणं, होऊ दे, आणि झोपताना उशी जरा उंच घ्या. भरल्या पोटी सपाट झोपलं की अॅसिड वर येतं, तुमच्या अॅसिडिटीचं अर्धं उत्तर मला वाटतं इथेच आहे, उरलेलं अर्धं कढईत. तरावीहबद्दल एवढंच की ती सुन्नत आहे, घरीही पढता येते, आणि ज्या दिवशी अंगात ताप-कणकण असेल त्या दिवशी जेवढं झेपेल तेवढं.

सेहरी सोडू का म्हणालात. नको. "सेहरी करा, सेहरीत बरकत आहे" ही हदीस लहानपणापासून ऐकलीय आपण, आणि शरीराच्या बाजूनेही तेच खरं आहे. सेहरी सोडली की आदल्या रात्रीच्या जेवणापासून उपास सुरू होतो, तेरा तासांचे वीस होतात, आणि दुपारनंतर डोकं जड, चिडचिड, मग इफ्तारीला हातात येईल ते कोंबलं जातं. पण सेहरीत काय, हे मात्र बघा. मुंबईत मोहल्ल्यात रमजानभर फेणी आणि खजला मिळतो, दुधात साखर घालून खायचा, चवीला फारच छान, मलाही आवडतो, पण मैदा, तूप आणि साखर, दहा वाजता पोट रिकामं. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, दोन अंडी किंवा वाटीभर डाळ किंवा कुळथाची पिठी, वाटीभर दही, एक केळं, हे हळूहळू पचतं आणि दुपारपर्यंत साथ देतं. एक गोष्ट कोकणवाल्यांसाठी खास: सेहरीला सुकं मासं, लोणचं, पापड नको. मीठ पोटात गेलं की अकरा वाजल्यापासून घशाला कोरड पडते, मग दिवसभर आपण म्हणतो यंदा तहान फार लागते. सुकट इफ्तारनंतरच्या जेवणात खा, वर पाणी प्यायला रात्र आहे.

पाण्याचंही तसंच. सेहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सायरन व्हायच्या आत तीन-तीन ग्लास ओतणारी माणसं मी बघितलीत. ते पाणी तासाभरात लघवीवाटे जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत दर थोड्या वेळाने एकेक ग्लास, सेहरीला दोन ग्लास, असं मिळून आठ-दहा ग्लास झाले की पुरे. लघवीचा रंग बघत जा, फिकट पिवळा म्हणजे ठीक, दाट गडद म्हणजे रात्री पाणी कमी पडतंय. कलिंगडाचा सीझन नेमका तेव्हाच असतो, भरपूर खा. कोकमाचं सरबत करा पण बाटलीतल्या आगळाचं, कमी साखरेचं, तयार सिरपात साखरच जास्त असते.

पहिल्या तीन-चार रोज्यांच्या डोकेदुखीचं. तुम्ही चहा किती पिता ते लिहिलं नाहीत, पण शाळेतला चहा मला माहितीये, मधल्या सुट्टीतला एक, कोणी पाहुणा आला की एक, घरी दोन-तीन. शरीराला रोज कॅफिनची सवय असते आणि ते अचानक थांबलं की शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, काही दिवसांनी आपोआप थांबतं. तुमचं दुखणं नेमकं त्याच वेळापत्रकात बसतंय. त्यामुळे शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, मध्यापासून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत या, दिवसाचा चहा बंद करून संध्याकाळी मगरिबनंतर एकच ठेवा. तोही जेवणाबरोबर नको, तासाभराने, कारण चहाने जेवणातलं लोह नीट लागत नाही.

आणि लोहावरून मी त्या ओळीवर येते जी तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. पाळीच्या दिवसांत रोजे नाहीत तरी तुम्ही दिवसभर खात नाही, कोणी बघेल म्हणून. ताई, हे फक्त तुमचं नाही, आपल्या कितीतरी घरांत हेच चालतं. सासऱ्यांसमोर, दिरासमोर, मुलासमोर कसं खायचं, मग बाई त्या पाच दिवसांत चोरून बाथरूममध्ये पाणी पिते, नाहीतर पितच नाही. ज्या दिवसांत शरीरातून रक्त जातंय, ज्या दिवसांत खुद्द दीनने रोजा धरायला मनाई केलीय, त्या दिवसांत आपण बिनसवाबाचा, म्हणजे पुण्य न मिळणारा, उपास करतो! वर त्या रोज्यांची कजा, म्हणजे ते नंतर भरून काढणं, पुढे आहेच. लाज कसली यात? दस्तरखान मांडून बसा असं मी म्हणत नाही, पण तुमच्या खोलीत भाकरी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवा, शाळेत स्टाफरूममध्ये मैत्रिणीबरोबर खा, आणि कोणी विचारलंच तर "आज माझा रोजा नाही" एवढंच सांगून गप्प बसा. तुमची मुलगी मोठी होतेय की नाही मला माहीत नाही, असेल तर ती हे बघून शिकेल.

आणि हिमोग्लोबिन तपासा, रमजानच्या आधीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी निघालंय. तुम्हाला दहाव्या दिवसापासून त्राण नसणं आणि फळ्यासमोर चक्कर, त्याला झोपेबरोबर हेही कारण असू शकतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कुठलीही एनर्जी पावडर काही करणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील, त्या डॉक्टर लिहून देतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पावडरचं उत्तर यातच आलं. बहुतेक पावडरींमध्ये साखर आणि थोडं माल्ट असतं, त्या पैशात अंडी आणि खजूर घ्या.

इफ्तारचं फार लांबवत नाही. खजूर, पाणी, फळं, मग मगरिबची नमाज, मग जेवण. ही मधली दहा-पंधरा मिनिटं फार कामाची आहेत, पोटाला कळतं की आता अन्न येतंय, आणि नमाजहून आल्यावर माणूस आपोआप कमी खातो. समोसे, भजी पूर्ण बंद करा असं मी कोणाला सांगत नाही, रमजान आहे, मुलं वाट बघतात. आठवड्यातून दोन दिवस ठरवा, जुम्मा आणि अजून एक. बाकी दिवशी चणे उकडून कांदा-लिंबू घालून, मुगाची घावनं, दहीवडा. तुमचा चुलीपुढचा वेळही वाचतो.

आता अम्मीचं, आणि हे सगळ्यात गंभीर आहे. मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी खाली पाडत नाही पण ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो नसो साखर खाली आणत राहते. सकाळी सेहरीला घेतली की दुपारी तीन-चारला, पोट रिकामं असताना साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. २००१ मध्ये तेरा देशांतल्या डायबेटिसवाल्या मुसलमानांचा अभ्यास झाला होता, त्यात टाइप टू वाल्यांमध्ये साखर एकदम खाली जाऊन दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण रमजानात साडेसात पट झालं होतं. आमच्या वडिलांना असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या, नमाजनंतर असंच झालं, जानमाजवर बसलेले, कुर्ता घामाने ओला, पंखा चालू असताना, आणि नाव विचारलं तर उत्तर भलतंच. तोंडात साखरेचं पाणी घातलं तेव्हा दहा मिनिटांनी ते आमच्याकडे बघून म्हणाले, रोजा तुटला का माझा? तुटला. नंतर त्यांनी कजा केली. माणूस राहिला.

म्हणून डॉक्टर नाहीच म्हणतील हे अम्मींनी आधीच ठरवू नये. आजकाल डॉक्टर सरसकट नको म्हणत नाहीत. वय, किती वर्षांची शुगर, किडनी, हृदय, कुठल्या गोळ्या, गेल्या तीन महिन्यांची साखरेची सरासरी, हे सगळं बघून धोका किती ते ठरवतात, आणि धोका कमी असेल तर गोळ्यांची वेळ आणि प्रमाण बदलून परवानगीही देतात. हे बदल घरच्या घरी करू नका, एक गोळी अर्धी करून बघू असं अजिबात नको. दाखवायला रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी जा. ग्लुकोमीटर घरात हवाच. बोटाला सुई टोचून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, मनात शंका असेल तर इमामसाहेबांना विचारा, तेही हेच सांगतील. दुपारी, असरच्या सुमाराला आणि जेव्हा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटेल तेव्हा तपासा. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला की रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला वीस मिनिटं राहिली असली तरी. खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. ३०० च्या वर गेली तर साखर नाही, पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

आणि डॉक्टरांनी नकोच सांगितलं तर? तर फिदिया आहे, ज्याला पुढेही रोजे झेपणार नाहीत त्याने एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. अम्मींना हे तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल सून रोजे बंद करायला निघाली. इमामसाहेबांकडून आणि मुलाकडून येऊ दे. आणि त्यांच्या मनातली भीती समजून घ्या, ५० वर्षं ज्या बाईने एक रोजा सोडला नाही तिला घरातले सगळे रोजेदार असताना एकटीने दुपारी जेवायचं म्हणजे आपण या महिन्याच्या बाहेर पडलो असं वाटतं. त्यांना फळं कापायला बसवा, खजुराची ताटली त्यांच्या हातून वाढू दे, मोहल्ल्यात फिदियाचं जेवण त्यांच्या हाताने जाऊ दे. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्यालाही रोज्याचा सवाब मिळतो, हे त्यांनाही माहीत आहे, फक्त आता ते त्यांना आठवायला हवं.

हेच पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. पोटुशी असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना सवलत आहे, डॉक्टरांशी बोलून ठरवा, शेजारणीशी बोलून नाही. आणि रिक्षावाले, साइटवर काम करणारे, बाइकवाले भाऊ, इफ्तारच्या आधीचा तास सगळ्यात वाईट, पोटात काही नाही, झोप अपुरी आणि घरी पोचायची घाई. खिशात दोन खजूर आणि गाडीला पाण्याची बाटली ठेवा, अजान रस्त्यात झाली तर गाडी कडेला लावून तिथेच रोजा सोडा, घरचे समोसे कुठे पळत नाहीत.

ताई, तुम्ही आधी एवढंच करा: येत्या रविवारी तुमचं आणि अम्मींचं दोघींचं रक्त एकत्र द्यायला जा, सोबत गेलात तर त्याही येतील, आणि दिराला गाडी काढायला सांगा. रिपोर्ट आले की मला लिहा, हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा आधी कळवा.